गिअर बदलताना गाडी गचके खाते: दोष इंजिनाचा की गिअरबॉक्सचा?

घाटमाथा | १२ जुलै, रात्री १०:१५

मंडळी, गेला दीड महिना एकाच गोष्टीने डोकं खाल्लंय, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

गाडी २०१७ ची, पेट्रोल, चार सिलिंडर, टर्बो नाही. ऑटोमॅटिक आहे, सहा गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा. ७८ हजार किलोमीटर झालेत. मी पुण्यात, आई साताऱ्याला. तिला दर महिन्याला तपासणीसाठी पुण्याला आणावं लागतं, त्यामुळे ही गाडी भरवशाची असणं माझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे.

होतं असं, की साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर तिसऱ्यातून चौथा गिअर पडला की पुढच्याच क्षणी गाडी गुरगुरते. रंबलरच्या पट्ट्यांवरून चाकं गेल्यावर सीटखाली जसं जाणवतं, अगदी तसं. दीड-दोन सेकंद. वेग ४५ ते ५५. तेवढ्यात पाय जोरात दाबला तर गाडी खालच्या गिअरमध्ये येते आणि सुतासारखी सरळ चालते. येताना बोगद्याच्या बाजूने काहीच होत नाही. सपाट हायवेला ९० वर काहीच नाही. पाऊस सुरू झाल्यापासून प्रमाण वाढलंय. चेक इंजिनचा दिवा एकदाही लागलेला नाही.

एका वर्कशॉपमध्ये दाखवली. स्कॅनर लावला, ‘कोड नाही, म्हणजे इंजिन ओके’ म्हणाले आणि गिअरबॉक्स उतरवून टॉर्क कन्व्हर्टर आणि व्हॉल्व्ह बॉडीचं १ लाख ३५ हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, चारही प्लग, त्यांना वीज देणाऱ्या चारही कॉइल बदलू, इंजेक्टर साफ करू, मग बघू काय होतं. ‘बघू काय होतं’ यावर मला पैसे घालायचे नाहीत. आधी नक्की काय बिघडलंय ते कसं ओळखायचं, हे कुणी सांगू शकेल का?

पाना_बारा | १२ जुलै, रात्री ११:०२

दादा, इचलकरंजीत माझं स्वतःचं गॅरेज आहे. असं गिऱ्हाईक महिन्यातून एखादं तरी येतंच. गिअर पडताना गचका म्हटला की निम्मे लोक थेट गिअरबॉक्सवर जातात, कारण ‘गिअर’ हा शब्द तक्रारीतच असतो. गडबड करू नका.

‘कोड नाही म्हणजे इंजिन ओके’ हे मला अजिबात पटलेलं नाही. दिवा लागायला मिसिंगचं, म्हणजे सिलिंडरमधला स्फोट चुकण्याचं, प्रमाण ठराविक हद्दीबाहेर जावं लागतं. दोन सेकंद मिस मारली आणि परत नीट चालली, तर ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, ते मोजतो, पण दिवा लावत नाही. स्कॅनरवर पक्का कोड नसला तरी पेंडिंग कोड असू शकतो, म्हणजे नोंद झालेली पण अजून पक्की न झालेली तक्रार. तो बघितला का विचारा. बरेच जण बघतच नाहीत.

घरच्या घरी करण्यासारखी एक गोष्ट. रस्ता मोकळा, मागे कुणी नाही, शेजारी एक जण बसलेला, अशा वेळी गुरगुर सुरू झाली की डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा. पेडल दाबायचं नाही, ब्रेकलाइट लागण्यापुरतंच. बहुतेक गाड्यांत ब्रेकचा स्विच लागला की टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सला थेट जोडणारा क्लच, सुटतो. त्याच क्षणी गुरगुर थांबली तर बोट कन्व्हर्टरकडे जातं.

रानजाई | १३ जुलै, सकाळी ८:२०

माझ्या गाडीला जवळपास हेच होत होतं आणि माझ्याकडे खरंच गिअरबॉक्सचा दोष निघाला. म्हणून लिहिते, म्हणजे ती बाजूही समोर राहील.

फरक असा, की माझी गाडी चढावर नाही, सपाट रस्त्यावर गुरगुरायची. ६० ते ७० चा वेग, पाय अगदी हलका ठेवलेला. गिअर पडून दोन-तीन सेकंद होऊन जायचे आणि मग थरथर सुरू व्हायची, म्हणजे लॉकअप लागायची वेळ. पाय थोडा जास्त दाबला की गायब. ब्रेकला पाय लावला की गायब. एकूण ९० हजार किमी झाले होते आणि गिअरबॉक्सचं तेल एकदाही बदललेलं नव्हतं. ‘लाइफटाइम ऑइल आहे’ असंच मला सांगितलं गेलं होतं. खाली काढल्यावर ते तेल मूळच्या लालऐवजी काळपट तपकिरी निघालं, आणि वास जळल्यासारखा.

एकदा तेल काढून भरलं तर सगळं बदलत नाही, कारण बरंचसं तेल कन्व्हर्टरमध्येच राहतं. म्हणून १ हजार किमी चालवून परत एकदा काढून भरलं. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच तेल घेतलं. दुसऱ्यांदा बदलल्यावर थरथर गेली, आता दोन वर्षं झाली. म्हणजे दोष गिअरबॉक्सचा असला तरी तो उतरवावाच लागतो असं नाही. तुमच्या गाडीचं तेल कधी बदललंय?

घाटमाथा | १३ जुलै, सकाळी ९:०५

रानजाई, धन्यवाद. तेल ६० हजारला बदललंय, बिल आहे माझ्याकडे. पाना_बारा, पेंडिंग कोडचं विचारलं नव्हतं. आज संध्याकाळी कात्रजच्या चढावर ब्रेकची चाचणी करून बघतो.

नदीकाठ | १३ जुलै, सकाळी ११:४०

पेट्रोल कुठे भरता? आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि २०१७ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. माझा पहिला संशय त्यावर जाईल. पावसाळ्यात टाकीत पाणी गेलं तर इथेनॉल ते ओढून घेतं आणि पाण्यासकट तळाशी वेगळं बसतं, हेही लक्षात घ्या.

घाटमाथा | १३ जुलै, रात्री ९:३०

ब्रेकची चाचणी केली, तीन वेळा. तिन्ही वेळा ब्रेकला पाय लागताच गुरगुर थांबली. म्हणजे कन्व्हर्टरच निघाला म्हणायचा. खरं सांगतो, मन खट्टू झालं.

मिशिगनचा_पाहुणा | १४ जुलै, सकाळी ६:१०

थांबा. या एका चाचणीवर १ लाख ३५ हजार घालू नका.

मी डेट्रॉइटजवळ असतो आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या कॅलिब्रेशनचंच काम करतो. ब्रेकची चाचणी चांगली आहे, पण तिला दोन तोंडं आहेत. लॉकअप लागलेला असताना इंजिन आणि चाकं थेट जोडलेली असतात. मधल्या तेलाची उशी नाहीशी होते. अशा वेळी इंजिन मिस मारत असेल तर तो धक्का जसाच्या तसा सीटपर्यंत पोचतो. ब्रेक लागला, लॉकअप सुटला, की उशी परत येते, इंजिनाचे फेरे थोडे वाढतात आणि त्याच्यावरचा भार हलका होतो. मिसिंग तेवढ्यानेही थांबू शकतं किंवा नुसतं झाकलं जाऊ शकतं. म्हणजे दोष कन्व्हर्टरचा असो की प्लगचा, या चाचणीचं उत्तर एकच येऊ शकतं. ब्रेक लावूनही गचके तसेच राहिले असते तर कन्व्हर्टर संशयातून जवळपास सुटला असता. तुमच्या बाबतीत अजून दोघांवरही संशय आहे.

आता गिअर बदलतानाच हे का होतं ते सांगतो, कारण सगळी गंमत तिथे आहे.

गिअर वर जाताना गिअरबॉक्सचा कंट्रोलर इंजिनाला निरोप पाठवतो: क्षणभर जोर कमी कर. इंजिन ते मुख्यतः ठिणगी उशिरा पाडून करतं. स्कॅनरवर इग्निशन ॲडव्हान्सचा, म्हणजे ठिणगी किती आधी पडते त्याचा, आलेख बघितला तर गिअर पडताना तो एकदम खड्ड्यात जाऊन परत वर येतो. तो खड्डा म्हणजे दोष नव्हे, गिअर मऊ पडावा म्हणून मुद्दाम केलेली ती सोय आहे. यावरून कुणी ‘टायमिंग बिघडलंय’ म्हणालं तर ऐकू नका.

खरी कसोटी त्यानंतरच्या क्षणाला लागते. तिसऱ्यात इंजिन समजा २५०० फेऱ्यांवर होतं. चौथा पडला की ते १७५० च्या आसपास येतं. चढ तोच, गाडीचं वजन तेच, तुमचा पायही तिथेच किंवा थोडा जास्तच. मग थ्रॉटल जास्त उघडतं, प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते आणि ठिणगी पडायच्या वेळी आतला दाब वाढलेला असतो. दाब जितका जास्त, तितकी ठिणगीला प्लगच्या फटीतून उडी मारायला जास्त व्होल्टेज लागते. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, दहा हजार व्होल्टच्या आत भागतं. भाराखाली तेच वीस हजारांच्या पुढे जाऊ शकतं, आणि प्लग झिजून फट वाढलेली असेल तर आणखी वर. वीज मात्र नेहमी सोपी वाट धरते. कॉइलच्या रबरी बुटाला किंवा प्लगच्या चिनीमातीला कुठे तडा असेल, ओल असेल, तर आत फटीत उडी मारण्यापेक्षा बाहेरून इंजिनच्या धातूला जाणं तिला सोपं पडतं. तो स्फोट चुकतो. जोरात पाय दाबल्यावर गिअर खाली येतो, फेरे वाढतात, दर फेऱ्यातला भार कमी होतो आणि ठिणगी परत नीट पडायला लागते.

तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये हेच लिहिलंय: चढ, ४५-५५ चा वेग, चौथा पडल्यावर लगेच, पावसात जास्त. मला तरी हे वर्णन इंजिनाचं वाटतं. पण माझं वाटणंही पुरावा नाही. मोजा.

पाना_बारा | १४ जुलै, सकाळी ८:४५

ब्रेकच्या चाचणीचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, मी अर्धंच सांगितलं होतं. धन्यवाद.

घाटमाथा, आता दोन कामं करा. एक, मॅन्युअल मोडमध्ये चौथा धरून ठेवा आणि चढावर ४० च्या वेगाने हळूहळू पाय वाढवा. गिअर बदलू द्यायचा नाही. गिअर न बदलताही गुरगुरली, तर गिअर पडण्याच्या क्रियेचा संबंध संपला. दुसरं, ज्याच्याकडे गिअरबॉक्सचा डेटा दाखवणारा स्कॅनर आहे त्याला शेजारी बसवून घाट चढा. त्यात कन्व्हर्टरची स्लिप दिसते, म्हणजे इंजिनाचे फेरे आणि कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सकडच्या चाकाचे, टर्बाइनचे, फेरे यांतला फरक. गुरगुर होताना स्लिप शे-दोनशे असेल, तर लॉकअप लागलेलाच नाही. मग जो लागलेलाच नाही तो थरथरणार कसा? स्लिप शून्याजवळ येऊन पाच-पन्नासने वरखाली नाचत असेल, तर कन्व्हर्टर.

आणि कुणी ‘बॅटरी काढून रिसेट मारू’ म्हणालं तर नाही म्हणा. ईसीएमने जमवलेली सगळी मोजणी पुसली जाते आणि गिअरबॉक्सचं शिकलेलंही जातं. मग आठवडाभर गिअर कसेही पडतात आणि मूळ दुखणं कुठलं हेच कळेनासं होतं.

मिशिगनचा_पाहुणा | १४ जुलै, संध्याकाळी ५:३०

स्लिपचा मुद्दा अगदी नेमका. त्यात घरच्या घरी करण्याजोगी एक भर घालतो. ब्लूटूथचा साधा ओबीडी अडॅप्टर घ्या, म्हणजे गाडीच्या स्कॅनरच्या सॉकेटला लागणारा, मोबाइलवर एखादं स्कॅनर ॲप टाका आणि त्यात ‘मोड ०६’ शोधा. सगळ्या गाड्या देत नाहीत, पण तुमच्या वयाच्या बऱ्याच गाड्या देतात. तिथे सिलिंडरवार मिसफायरची मोजणी असते. ओळींची नावं नसतील तर आयडी बघा: ए२ म्हणजे पहिला सिलिंडर, ए३ दुसरा, ए४ तिसरा, ए५ चौथा. प्रत्येकात दोन आकडे मिळतील. एक गाडीच्या या फेरीतली मोजणी, दुसरा मागच्या दहा प्रवासांची सरासरी.

ही मोजणी होते कशी, तर क्रँकशाफ्टच्या दातेरी चाकासमोर एक सेन्सर असतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो. एखादा स्फोट चुकला की चाक तेवढ्यापुरतं मंदावतं आणि दात्यांमधला वेळ वाढतो. कुठल्या दात्याला वाढला त्यावरून सिलिंडर कळतो. १८०० फेऱ्यांना सेकंदाला ६० स्फोट होतात, त्यात एकेका सिलिंडरचे १५. त्यातले पाच-सात चुकले की तुम्ही म्हणता ती रंबलरसारखी गुरगुर होते. दिव्यासाठी मात्र हजार फेऱ्यांच्या टप्प्यात किती टक्के चुकले ते बघितलं जातं. दोन सेकंद म्हणजे जेमतेम ६० फेरे. म्हणून दिवा नाही, म्हणून कोड नाही.

नदीकाठ | १४ जुलै, रात्री ८:००

अडॅप्टर घेणारच असाल तर फ्युएल ट्रिमही, म्हणजे ईसीएम इंधन किती टक्के कमी-जास्त करतोय तेही बघा. माझी शंका फिटेल.

घाटमाथा | २० जुलै, रात्री १०:५०

उशीर झाला, पण आकडे घेऊन आलोय.

शनिवारी एकटाच खंबाटकीला गेलो. पायथ्याला थांबून आकडे लिहून घेतले, चढ संपल्यावर बाजूला सुरक्षित जागी थांबून परत घेतले. त्या फेरीतली मोजणी अशी: पहिला १, दुसरा ०, तिसरा ४१, चौथा २.

आकडे बघून मी पाच मिनिटं तसाच गाडीत बसून होतो. दीड महिना ज्याला गिअरबॉक्स म्हणत होतो तो एकटा तिसरा सिलिंडर होता.

चौथा धरून ठेवूनही चालवून बघितली. गिअर न बदलताच, १५००-१६०० फेऱ्यांवर पाय वाढवला की गुरगुर हजर. तिसऱ्यात धरून तोच चढ चढलो तर काही नाही. पेंडिंग कोड मात्र नव्हता.

नदीकाठ, लाँग टर्म ट्रिम आयडलला अधिक ५, चढावर अधिक ६. शॉर्ट टर्म शून्याच्या आसपास खेळत होता.

मिशिगनचा_पाहुणा | २१ जुलै, सकाळी ५:५०

उत्तम काम केलंत. अधिक ५-६ ट्रिमची काळजी नको. इथेनॉलमध्ये प्राणवायू मुळातच असतो, त्यामुळे त्याला हवा कमी आणि इंधन जास्त लागतं. ईसीएमने तेवढं वाढवून घेतलंय. आयडलला आणि भाराखाली आकडा सारखाच आहे, म्हणजे हवा चोरून आत येत नाही आणि पंपही दमलेला नाही. पंप किंवा फिल्टरचा दोष असता तर भाराखाली ट्रिम चढत गेला असता. आणि पेट्रोल चारही सिलिंडरना एकाच रेलमधून जातं. पेट्रोलच खराब असतं तर एकट्या तिसऱ्यानेच का रुसावं?

आता उरतात तिसऱ्याचा प्लग, तिसऱ्याची कॉइल, तिसरा इंजेक्टर आणि तिसऱ्याचं कॉम्प्रेशन. शेवटचे दोन असते तर आयडललाही काहीतरी दिसलं असतं असं मला वाटतं. कॉइलपासून सुरुवात करा. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर. मोजणी कॉइलबरोबर सरकली तर कॉइल.

नदीकाठ | २१ जुलै, सकाळी १०:१५

पटलं. माझी शंका मागे घेतो.

घाटमाथा | २२ जुलै, रात्री ९:२०

आता पूर्ण गोंधळलोय. कॉइल अदलाबदल करून कात्रजला गेलो. मोजणी: पहिला १७, दुसरा ०, तिसरा २२, चौथा १. म्हणजे अर्धं सरकलं आणि अर्धं तिथेच राहिलं! कॉइल म्हणू की प्लग?

कॉइल काढताना तिसऱ्याचा रबरी बूट हाताला तेलकट लागला होता. पुसून बसवला. बाकी तिन्ही कोरडे होते.

पाना_बारा | २२ जुलै, रात्री ९:४८

दादा, तेलकट बूट ही सगळ्यात मोठी गोष्ट होती आणि ती तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिली!

टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या खाली प्रत्येक प्लगच्या नळीला गोल सील असतं. सात-आठ वर्षांत ते कडक होतं आणि इंजिन ऑइल प्लगच्या होलमध्ये झिरपतं. तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं, वीज बाहेरून वाट शोधते आणि एकदा ती वाट सापडली की तिथे कार्बनची रेघ उमटते. ती रेघ बुटाच्या आतही उमटते आणि प्लगच्या पांढऱ्या भागावरही. तुम्ही बूट पहिल्यावर नेलात, तिथे नवीन रोगी तयार झाला. प्लग तिसऱ्यावरच राहिला, म्हणून तिसराही बरा झाला नाही. दोन्ही खराब आहेत.

आता प्लग काढा. इंजिन पूर्ण थंड असू द्या. आधी होलमधलं तेल सिरिंजने ओढून घ्या, कापडाने टिपून घ्या, जमलं तर हवा मारा. नाहीतर प्लग सुटला की सगळी घाण आत पिस्टनवर. प्लग काढल्यावर उजेडात धरून पांढऱ्या भागावर उभी काळी रेघ दिसते का बघा. पेन्सिलीने ओढल्यासारखी असते. नखाने खरवडून जात नाही.

रानजाई | २३ जुलै, सकाळी ७:५५

मोठ्या उत्सुकतेने वाचतेय. घाटमाथा, हे होईपर्यंत गाडी फार ताणू नका. मिस मारल्यावर न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं. आतली जाळी वितळली तर तो खर्च वेगळाच. चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल, तर त्याचा अर्थ हाच असतो. पाय काढायचा आणि गाडी हळूच बाजूला घ्यायची.

घाटमाथा | २६ जुलै, दुपारी ४:३०

पाना_बारा, साष्टांग नमस्कार.

आज सकाळी शेजारच्या काकांना हाताशी घेऊन पार्किंगमध्ये प्लग काढले. तिसऱ्याच्या होलमधून सिरिंजने ओढलेलं तेल औषधाच्या छोट्या टोपणात मोजलं, साधारण ४ मिली भरलं. प्लग बाहेर आला. खालचं टोक बघितलं तर ठीक, फिकट तपकिरी, कुठेही काजळी नाही. मग उजेडात फिरवला. षटकोनाच्या वर पांढऱ्या चिनीमातीवर एक काळी रेघ, वरून खालपर्यंत, मध्ये थोडी वाकडी, नदीच्या नकाशासारखी. नखाने घासली, पेट्रोलने पुसली, तशीच राहिली. बूट टॉर्चने आतून बघितला तर रबरावर तशीच रेघ, फक्त करड्या रंगाची. दोन्ही रेघा समोरासमोर धरल्या तर बरोबर जुळतात.

फिलर गेजने फट मोजली. मॅन्युअलमध्ये १.० ते १.१ मिमी आहे. चारही प्लग १.३ च्या आसपास निघाले. गाडीला पहिल्यापासून साधे निकेलचे प्लग आहेत आणि बदलल्याची नोंद कुठल्याच बिलात नाही. म्हणजे ७८ हजार किमी त्याच प्लगवर. तिसऱ्याचा बूट खराब आणि वर फटीही वाढलेल्या, म्हणून त्याने आधी हात टेकले.

मिशिगनचा_पाहुणा | २६ जुलै, संध्याकाळी ६:२०

याहून स्पष्ट पुरावा मिळत नाही. चारही प्लग नवे घाला, तिसऱ्याची कॉइल बुटासकट नवी घ्या. तिसऱ्यावरून पहिल्यावर गेलेला बूट पहिल्या प्लगलाही रेघ मारून गेला असेल, तेही बघा. पण टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि नळ्यांची सीलं बदलल्याशिवाय नवे प्लग बसवू नका. नाहीतर सहा महिन्यांत परत याच धाग्यावर याल. फट नवीन प्लगचीही मोजून घ्या, डब्यात आली म्हणून बरोबर असेलच असं नाही. इरिडियम घेतलेत तर टोक ठोकून फट बदलायला जाऊ नका, नाजूक असतं. प्लग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच आवळा, हेड ॲल्युमिनियमचं आहे.

गडकोट_फिरस्ता | २७ जुलै, सकाळी ११:००

धागा वाचून माझी शंका विचारतो. माझी गाडी एएमटी आहे, सीएनजीवर. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका बसतो. मीही कॉइलपासून सुरुवात करू का?

पाना_बारा | २७ जुलै, दुपारी १:१५

एएमटीचं गणित वेगळं. तिथे टॉर्क कन्व्हर्टर नाही. साधाच क्लच आणि साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मशीन करतं. गिअर बदलताना मध्ये जोर तुटणारच, ती डुलकी त्या पद्धतीची आहे. पण पूर्वी नव्हता असा झटका आता बसत असेल, तर क्लच किती झिजलाय आणि ॲक्च्युएटरचं तेल किती आहे ते बघावं लागेल.

त्याआधी एक फुकटची चाचणी. चार दिवस फक्त पेट्रोलवर चालवा. सीएनजीला ठिणगी पेट्रोलपेक्षा जोरदार लागते, त्यामुळे दमलेला प्लग आधी सीएनजीवर उघडा पडतो. पेट्रोलवर झटका गेला तर प्लग-कॉइल. दोन्हीवर सारखाच असेल तर क्लचकडे वळा. आणि इंजिनाच्या फाउंडेशनांवरही, म्हणजे ज्या रबरी आधारांवर ते बसतं त्यांवरही नजर टाका. रबर तुटलं असेल तर इंजिन उडी मारतं आणि माणूस गिअरला दोष देतो.

घाटमाथा | ३ ऑगस्ट, रात्री ९:४५

काम झालं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, चारही नळ्यांची सीलं, चार इरिडियम प्लग, तिसऱ्याची कॉइल. जुनं पॅकिंग हातात घेऊन वाकवलं तर कुरडईसारखं कटकन तुटलं. पहिल्या प्लगवरही पुसट रेघ निघाली, थोड्याच दिवसांत! पहिल्याचा मूळचा बूट मात्र आतून स्वच्छ आहे, तो ठेवलाय. सगळं मिळून खर्च ९,४०० रुपये, मजुरीसकट.

काल साताऱ्याला गेलो. पाऊस धो धो. खंबाटकीच्या त्याच वळणावर मुद्दाम पाय हलका ठेवून चौथा पडू दिला. पडला. काही झालं नाही. वर पोचेपर्यंत सहा-सात वेळा तसंच केलं, शेवटी शेजारचे काका म्हणाले, आता पुरे. वर थांबून मोजणी बघितली: ०, ०, १, ०. ब्रेकची चाचणी करायला गुरगुरच शिल्लक नव्हती.

आज आईला घेऊन परत आलो. बोगद्यातून बाहेर पडल्यावर तिने विचारलं, ‘गाडी नवी घेतलीस का?’

रानजाई | ४ ऑगस्ट, सकाळी ८:१०

वाचून फार बरं वाटलं. तो एक असलेला तिसरा सिलिंडर परत बघणार ना?

घाटमाथा | ४ ऑगस्ट, सकाळी ८:३५

हो. एखादा सुटा आकडा निरोगी इंजिनातही दिसतो असं मिशिगनच्या दादांनी खासगी निरोपात सांगितलं, तरी २ हजार किमी झाले की तिसरी कॉइल उपसून होल कोरडं आहे का ते बघणार आहे. टॉर्चने फोटो काढून इथेच टाकतो.